यादी ठाण्यालाच काहून संपते?

काल पुन्हा तेच. केंद्रावर शेतकऱ्याच्या अर्जाचा ऑनलाइन फॉर्म उघडला, जिल्ह्याच्या खान्यावर बोट ठेवलं, यादी खाली उतरली आणि ठाण्याला येऊन संपली. ठाण्याच्या पुढे काही नाही. वर्धा नाही, वाशीम नाही, यवतमाळ नाही. घाटंजीकडचे काका सातबारा आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सकाळच्या एसटीनं आलेले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "माहा जिल्हा कुठी गेला बाप्पा?"

कुठं गेला ते सांगतो. जिल्हे दिसतात मराठीत, पण लावलेत इंग्रजी स्पेलिंगच्या क्रमानं. त्या क्रमात ३६ पैकी शेवटचे तीन म्हणजे वर्धा, वाशीम, यवतमाळ. तिन्ही आपले. यादीतली प्रत्येक ओळ ४० पिक्सेलची आणि यादीची उंची बांधलेली ३०० पिक्सेलवर. ज्या पांढऱ्या चौकटीत हा खाना बसवलाय, तिचे कोपरे गोल दिसावेत म्हणून चौकटीला ओव्हरफ्लो हिडन लावलाय, म्हणजे बाहेर जाईल ते लपवा अशी सूचना. यादी त्याच चौकटीच्या आत पोझिशन अ‍ॅब्सोल्यूटनं टांगलेली, म्हणजे बाकीच्या मजकुराला न ढकलता वर तरंगणारी. तिचा खालचा १२० पिक्सेलचा पट्टा चौकटीच्या बाहेर जातो आणि कापला जातो. १२० भागिले ४०, तीन. यादी तळापर्यंत सरकवली तरी शेवटच्या तीन ओळी त्या कापलेल्या पट्ट्यातच येऊन थांबतात. फोन आडवा करा, पान पुन्हा उघडा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये जा, तिथं बोट पोचत नाही म्हणजे नाही.

आणि सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं त्याच्या सूचना, उघडून बघितलं तर यादीला झेड-इंडेक्स ९९९९९ दिलेला! म्हणजे बनवणाऱ्याला काहीतरी दिसेनासं होतंय हे कळलं होतं. त्यानं काय केलं, तर नऊ वाढवले. अरे, झेड-इंडेक्स कोण कोणाच्या वर बसेल एवढंच ठरवतो. कापलेलं तो जोडत नाही. यादी ज्याच्या पोटात आहे त्या घटकाला ओव्हरफ्लो हिडन असेल तर वीस वेळा नऊ लिहा, फरक शून्य. गोल कोपऱ्यांसाठी त्याची गरजही नव्हती. चौकटीच्या वरच्या रंगीत पट्टीलाच वरचे दोन कोपरे गोल दिले असते तरी चित्र तेच दिसलं असतं. आठ पिक्सेलच्या गोलाईसाठी तीन जिल्हे कापले, राजेहो.

मुळात ही यादी हातानं बनवायला सांगितलं कोणी? ब्राउझरची तयार निवडयादी देणारा सिलेक्ट टॅग एचटीएमएल २.० मध्ये आहे, म्हणजे १९९५ पासून. त्याची यादी ब्राउझर स्वतः दाखवतो, पानाच्या वर, कुठल्याही चौकटीच्या बाहेर. तिला ओव्हरफ्लो हिडन कापू शकत नाही. कॉम्प्युटरवर खाली जागा नसेल तर ती आपोआप वर उघडते. अँड्रॉइडवर स्क्रीनच्या मधोमध मोठ्या ओळींची खिडकी येते, जाड बोटांनाही नेमकी ओळ सापडते. केंद्रावर जी पोरगी दिवसभर अर्ज भरते, तिचा हात माउसवर जातच नाही. टॅब, मराठी कीबोर्डवर य, यवतमाळ, टॅब. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्या माणसाला स्क्रीन वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर सांगतो की ही यादी आहे, ३६ पैकी अमुक क्रमांक निवडलाय. हे सगळं फुकट मिळतं, एक ओळ जावास्क्रिप्ट न लिहिता.

ते फेकून डिव्हची, म्हणजे नुसत्या कोऱ्या डब्यांची, उतरंड रचायची, तर मग सगळं स्वतः करावं लागतं. खान्याला कॉम्बोबॉक्सचा रोल (हे काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणारी पाटी), यादीला लिस्टबॉक्सचा, ओळींना ऑप्शनचा. उघडं-मिटलं सांगायला एरिया-एक्सपांडेड, कुठल्या ओळीवर आहोत ते सांगायला एरिया-अ‍ॅक्टिव्हडिसेंडंट. वर-खाली बाणाच्या कळा, होम, एंड, एस्केप, अक्षर दाबून उडी मारणं, बाहेर टिचकी मारली की मिटणं. कालच्या फॉर्मात यातलं काय होतं? बाहेर टिचकी मारली की मिटणं. तेवढंच. टॅब दाबला की खाना ओलांडून थेट पुढं.

कारण काय, तर सिलेक्ट "सुंदर दिसत नाही". डिझाइनच्या चित्रात यादीवर हिरवी झाक होती आणि ब्राउझर निळी दाखवतो. त्या निळ्या पट्टीचा राग एवढा, की अख्खा खानाच उपटून टाकला.

सुंदर करायचाय ना? करा. मिटलेला खाना पाहिजे तसा रंगवता येतो. सिलेक्टच्या सीएसएसमध्ये अपिअरन्स नन लिहा, सफारीच्या जुन्या आवृत्त्यांसाठी वेबकिटचा उपसर्ग लावून तीच ओळ आधी लिहा. ब्राउझरचा बाण जातो, कडा, रंग, पॅडिंग (कडेच्या आतली मोकळी जागा) सगळं हातात येतं. बाण स्वतःचा लावा, एसव्हीजीचा, बॅकग्राउंड-इमेज म्हणून, उजवीकडून १२ पिक्सेलवर, आणि उजवं पॅडिंग ४० ठेवा म्हणजे अक्षरं बाणाखाली जाणार नाहीत. बाण डेटा यूआरएलमध्ये, म्हणजे वेगळी फाइल न ठेवता सीएसएसमध्येच लिहून, देत असाल तर रंगाच्या आधीचा हॅश तसाच ठेवू नका, त्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि २३ लिहा. नाहीतर बाण दिसणारच नाही आणि अर्धा दिवस शोधण्यात जाईल. सिलेक्टला आफ्टर (घटकाच्या शेवटी सीएसएसनं जोडलेला तुकडा) लावून बाण रेखाटायचा नाद सोडा, तो तिथं उमटत नाही. आफ्टरच पाहिजे तर सिलेक्टभोवती स्पॅन नावाचा एक साधा टॅग घाला, त्याला आफ्टर द्या, आणि आफ्टरला पॉइंटर-इव्हेंट्स नन द्यायला विसरू नका. विसरलात तर लोक नेमके बाणावर बोट ठेवतील आणि यादी उघडणार नाही. माणूस बाणावरच बोट ठेवतो, दुसरीकडे काहून ठेवेल?

आणखी एक, दर चार फॉर्मांमागे एकात दिसणारं. चूक झाली की खाना लाल करायचा म्हणून एररच्या क्लासमध्ये बॅकग्राउंड असं सरसकट लिहितात. तो शॉर्टहँड आहे, एका शब्दात रंग-चित्र सगळंच ठरवतो आणि बॅकग्राउंड-इमेज पुसून टाकतो. खाना लाल होतो आणि बाण उडतो. आता तो खाना आहे की नुसता लाल डबा, हे समोरच्याला कळत नाही. बॅकग्राउंड-कलर लिहा. एक शब्द जास्त.

उघडलेल्या यादीच्या नादी लागू नका. विंडोजवर क्रोममध्ये ऑप्शनला रंग आणि पार्श्वरंग लागतो, मॅकवर तोही लागत नाही, फोनवर तर यादी फोनचीच. म्हणूनच गडद पट्ट्यावरच्या सिलेक्टला पांढरी अक्षरं देऊन मोकळं झालं की विंडोजवर यादी उघडताच पांढऱ्यावर पांढरं येतं, आणि लोक म्हणतात यादी रिकामी आहे. ऑप्शनला काळा रंग आणि पांढरी पार्श्वभूमी वेगळी लिहा.

पण माझा खरा संताप मराठीच्या हालांवर आहे. हे सगळं बनतं ऑप्शन वन, ऑप्शन टू लिहून. उंची ३२ पिक्सेल पक्की, लाइन-हाइट (ओळीची उंची) एक, वरून ओव्हरफ्लो हिडन. रोमन अक्षरं त्यात मावतात. आता तिथं मूर्तिजापूर टाका. म च्या खाली दीर्घ ऊकार, ति ची वेलांटी आणि तिच्याच डोक्यावर रफार, पुढे पू ला पुन्हा ऊकार. रफार वर कापला जातो, ऊकार खाली कापला जातो, आणि उरतं ते मतिजापर. हे काय तालुक्याचं नाव आहे? उंची बांधूच नका. किमान उंची ४८ पिक्सेल, लाइन-हाइट १.५, वरखाली पॅडिंग, बस. फॉन्ट इनहेरिट लिहा, कारण फॉर्मचे खाने पानाचा फॉन्ट आपणहून घेत नाहीत. क्रोम सिलेक्टला १३.३३ पिक्सेलवर बसवतो, आणि त्या आकारात जोडाक्षर वाचायला चष्मा नाकावर असूनही फोन डोळ्यांजवळ न्यावा लागतो. १६ पिक्सेलच्या खाली जाऊच नका. आयफोनवर तर १६ च्या खाली असलं की खान्यावर बोट ठेवताच पान मोठं होऊन उजवीकडे पळतं.

जिल्हा, तालुका, गाव तिन्ही एकाच रांगेत बसवायची हौस तर वेगळीच. ३६० पिक्सेलचा फोन घ्या. दोन्ही बाजूंना १६-१६ गेले, मधल्या दोन फटी १२-१२ गेल्या, उरले ३०४. तीन भाग केले की प्रत्येकी १०१. त्यातून डावं पॅडिंग १२ आणि बाणासाठी ३६ वजा करा, अक्षरांना राहिले ५३ पिक्सेल. वरून टेक्स्ट-ओव्हरफ्लो एलिप्सिस. अमरावती जिल्हा निवडला की तालुक्यात चांदूर आणि पुढे तीन टिंबं. कुठलं चांदूर? चांदूर रेल्वे की चांदूर बाजार? दोन्ही एकाच जिल्ह्यात, दोन वेगळे तालुके. गावात तेच, खुर्द आणि बुद्रुक नेमके टिंबांत जातात. शेत ज्या शिवारात आहे ते गाव रीठ, म्हणजे ओसाड, असेल तर रीठ हा शब्दही टिंबांत. चुकीचं गाव निवडलं की सातबारा जुळत नाही, आणि ती चूक त्या दिवशी कोणाला दिसत नाही, महिन्यांनी अर्ज परत येतो तेव्हा दिसते. फोनवर खाने एकाखाली एक ठेवा, रुंदी १०० टक्के. कागद थोडाच संपतोय?

गावांच्या यादीला शोधायचा खाना पाहिजे, हे कबूल. एखाद्या तालुक्यात शंभरावर गावं असतात, नुसतं सरकवून बोट दुखतं. पण शोध मराठीतही चालला पाहिजे आणि इंग्रजी अक्षरांतही. आणि कुऱ्हा हे गावाचं नाव टाइप करून बघा. हा ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो, कधी नुक्तावाला ऱ, कधी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला वेगळे. डेटा एका प्रकारचा, बोट दुसऱ्या प्रकारचं, आणि फॉर्म सांगतो गाव सापडलं नाही. तुलना करण्याआधी दोन्हीकडे एकच रूप करून घ्या. क्रमसुद्धा कोलेटरला, म्हणजे अक्षरांचा क्रम लावणाऱ्या साधनाला, मराठी सांगून लावा. मग यवतमाळ मुंबईच्या नंतर आणि रत्नागिरीच्या आधी येतो, जिथं शाळेतलं पोरगंही शोधेल.

फिकट राखाडी अक्षरांबद्दल एकच सांगतो. रंगाच्या कोडात तीन वेळा नऊ लिहिलेला राखाडी पांढऱ्यावर कॉन्ट्रास्टमध्ये २.८५ ला १ भरतो, किमान पाहिजे ४.५ ला १. मे महिन्यात बांधावर उभं राहून तो खाना वाचून दाखवा.

आणि ज्यांना यादीसुद्धा स्वतःच्याच रंगाची पाहिजे, त्यांच्यासाठी आता सरळ रस्ता आहे. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १३५ पासून अपिअरन्सला बेस-सिलेक्ट लिहिता येतं, एकदा सिलेक्टवर आणि एकदा त्याच्या पिकरवर, म्हणजे उघडणाऱ्या यादीवर. मग यादी, ओळी, बाण, निवडल्याची खूण, सगळ्याला सीएसएस लागतं. यादी टॉप लेयरमध्ये, पानातल्या सगळ्याच्या वर, उघडते, म्हणजे ओव्हरफ्लो हिडन तिला हात लावू शकत नाही. ज्या जुन्या फोनला हे कळत नाही, तिथं नेहमीचा सिलेक्ट दिसतो आणि अर्ज भरता येतो. हिरवी झाक पाहिजे होती ना? ही घ्या. जिल्हे नका कापू.

तोवर त्या चौकटीवरचा ओव्हरफ्लो हिडन काढा. एक ओळ आहे. मग मोठ्या स्क्रीनवर नाही, ३६० पिक्सेलच्या फोनवर फॉर्म उघडा, यादी तळापर्यंत सरकवा आणि यवतमाळवर बोट ठेवा. काकांचा अर्ज तसाच राहिलाय, शुक्रवारच्या एसटीनं ते परत येणार आहेत.