चार बोटं खालची माती
शेतकरी वडिलांच्या हातांवरच्या घट्ट्यांबद्दल एका लेखात वाचलं आणि आमचे वडील, अण्णा, डोळ्यांसमोर उभे राहिले. पाऊस उघडला की आम्हाला पेरणीची घाई, त्यांना अजिबात नाही. चपला बांधावर काढून ते शेतात शिरायचे आणि चार बोटं खालची माती काढायचे. वरची नाही, कारण ती आधी सुकते आणि फसवते. मुठीत दाबून गोळा करायचा, कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वाफसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली. नुसताच चेपला तर परत घरी! एकदा मी ऐकलं नाही, ओल्यातच औत घातलं. अशी दगडासारखी ढेकळं निघाली की हंगामभर बोलणी खाल्ली (रास्तच होती).

वाफसा म्हणजे मातीच्या पोकळ्यांत हवा आणि पाणी साधारण निम्मं-निम्मं, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग एवढे दिवस मी काय सांगत होतो?"

शेवटच्या आजारपणात अंथरुणाला खिळले होते. मी मूठभर माती नेऊन हातात दिली. बराच वेळ चोळत राहिले. "दोन दिवस थांब," एवढंच म्हणाले.