कच्च्या कैद्याला कोण शिकवणार?

रत्नागिरीच्या विशेष कारागृहात सावरकरांची कोठडी बघायला लोक आवर्जून जातात. जावंच. पण तिथे आज जे बंदी आहेत त्यांच्याबद्दल आपल्या कॉलेजांत कुणी चकार शब्द काढत नाही. तुरुंगातलं शिक्षण हाच माझ्या संशोधनाचा विषय, म्हणून हे फार लागतं.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते. त्यातले ७५ टक्क्यांहून जास्त कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. आणि कैद्यांचं शिक्षण म्हटलं की आपल्याला आठवतं येरवडा नाहीतर नागपूर, मुक्त विद्यापीठाची पदवी, परीक्षा पास झाल्यावर शिक्षेच्या दिवसांत मिळणारी माफी. उत्तमच आहे ते. पण ज्याला शिक्षाच झालेली नाही, त्याला माफी कशातून देणार? अलिबाग किंवा सावंतवाडीच्या कारागृहातला माणूस उद्या सुटेल, नाहीतर तारखांवर तारखा पडून वर्षानुवर्षं तिथेच राहील. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात तो नाव कसं घालणार?

बोटीवरचा परप्रांतीय खलाशी घ्या, किंवा आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार म्हणून सातबारा घेऊन कोर्टात उभं राहायला इथे त्याचं आहे कोण? त्याला आठवड्याभरात पुरा होणारा धडा हवा: आपल्यावर कुठलं कलम लागलंय, विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज कसा करायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर काही अपवाद सोडून त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय, सोडायचं असतं. हे त्याच्या भाषेत त्याला सांगणं म्हणजेच माझ्या मते तुरुंगातलं शिक्षण.

संशोधनाचंही तेच. तुरुंग विभागाच्या पुण्याच्या मुख्यालयातून परवानगी आणायची, मोबाईल गेटवर ठेवायचा, सगळं हाताने टिपायचं. शेजारी शिपाई उभा असला की उत्तर ठरलेलं: "सगळं बरं आहे, सर." अशा एका भेटीच्या जोरावर कुणी प्रबंध लिहू नये. जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणायचं का? तिथे पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि ते मुंबईहून येणाऱ्याला जमणारं नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा (टिसचा) 'प्रयास' हा उपक्रम १९९० पासून हे काम चिकाटीने करतोय. कोकणातही असं कायम जाणारं माणूस हवं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कायदा किंवा समाजशास्त्र शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, मला मेसेज करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला एकत्र पत्र देऊ. मसुदा मी करतो.