पवईचा सायकल ट्रॅक: ‘नुसते दगडच तर होते’

मुंबई महापालिका पवई तलावाभोवती बांधत असलेल्या सायकल ट्रॅकबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय. सारांश असा: सिमेंट नव्हतं, नुसते दगडाचे गॅबियन होते, तलाव मुळात माणसानेच बांधलेला, पूर्ण फेरी नसेल तर कोणी फिरकणार नाही, ट्रॅक झाला असता तर तलावही स्वच्छ राहिला असता, पण काही लोक कोर्टात गेले आणि सगळं बुडालं. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2022 रोजी हे काम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करायला सांगितलं, एवढा भाग खरा. बाकीचं एकेक बघू.

‘गॅबियनमधून पाणी आरपार जातं, मग नुकसान कसलं?’

गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीची पेटी आणि तिच्यात हाताने रचलेले साधारण 100 ते 200 मिलिमीटरचे दगड. नुसत्या पेटीतून पाणी जातं, मान्य. पण सायकल काही पेटीतल्या दगडांवरून चालत नाही. पेट्यांची भिंत आणि जुना काठ यांच्यामध्ये भराव टाकावा लागतो. भिंतीमागे जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) घातलं नाही, तर पावसाळ्यानंतर पाणी उतरताना भरावातली बारीक माती दगडांच्या फटींतून निघून जाते आणि वरचा रस्ता खचतो. घातलं, तर गाळाने आणि सांडपाण्याच्या चिकट थराने ते हळूहळू बुजतं. म्हणजे ‘आरपार’ची हमी सुरुवातीच्या काही पावसाळ्यांपुरती. त्यात तळाचा गाळ मऊ. पेट्या सारख्या बसत नाहीत, एक झुकली की शेजारचीही जाळी ताणते.

इथे विरोध करणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. तलावाची साठवणक्षमता घटण्याचा मुद्दा पुढे करू नका, तो कच्चा आहे. एक किलोमीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 2 मीटर उंच भराव धरला तर 8,000 घनमीटर, म्हणजे 80 लाख लिटर. पवईची क्षमता सुमारे 545 कोटी लिटर. फरक जाणवणारही नाही.

खरं नुकसान काठाच्या उताराचं. मगर उन्हं खायला उथळ, मातीच्या उतारावरून वर येते. अंडी घालायला पाण्याच्या पातळीच्या वरची सुकी, खणता येईल अशी जमीन शोधते. उभ्या भिंतीवर ती चढत नाही. चिखलात चालून खाणारे पक्षीही घोटाभर पाण्याच्या पट्ट्यावर जगतात. तोच पट्टा ट्रॅकखाली जाणार होता.

‘तलाव मानवनिर्मित आहे, पाणथळ नाही’

तलाव 1890 च्या सुमारास मुंबईला पाणी पुरवण्यासाठी बांधला, हे खरं. काठावरच्या बांधकामाला रोखणाऱ्या 2017 च्या पाणथळ नियमांमध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या जलाशयांना वगळलंय, हेही खरं. पण पवईचं पाणी कित्येक वर्षं पिण्यासाठी वापरलं जात नाही. ते कारखान्यांना आणि आरे वसाहतीला जातं. पालिकेने हा बचाव न्यायालयात मांडला होताच. तो टिकला नाही. आणि तलाव कोणी का बांधला असेना, मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीतच आहे.

‘पूर्ण फेरी नसेल तर लोक येणार नाहीत’

माणूस तलावाच्या परिघाकडे बघून घराबाहेर पडत नाही. दहा-पंधरा मिनिटांत, धोका न पत्करता पोहोचता येतं का, हे बघतो. पवईत अडचण तिथेच आहे: मधे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता. मेट्रो 6 वर ‘पवई तलाव’ आणि ‘आयआयटी पवई’ ही स्थानकं येतायत. तिथून सिग्नल असलेलं, फुटपाथच्या पातळीवर उचललेलं क्रॉसिंग आणि सलग 1.8 मीटर रुंद मोकळा फुटपाथ दिला, तर दीड किलोमीटरची जाऊन-येऊन वाटही गजबजेल.

अशा वाटेची आखणी करताना आधी गेल्या दहा वर्षांतली सरासरी पूररेषा जमिनीवर चुन्याने आखा. पाणथळ नियमांनुसार तिथून 50 मीटरच्या आत, बोटीचा धक्का सोडून, पक्कं बांधकाम नको. जिथे मुख्य रस्ताच इतका जवळ आहे, तिथे वाट म्हणजे रस्त्याचा रुंद केलेला फुटपाथ. आत घुसायचं नाही. मोकळ्या जागेत दुतर्फा सायकलींना 3 मीटर रुंदी पुरे. खाली 150 मिलिमीटर दाबलेली खडी-मुरूम, वर 75 मिलिमीटर दगडी चुरा, आडवा उतार 2 टक्के. चढ 20 ला 1 पेक्षा जास्त असेल तर मुंबईच्या पावसात चुरा एका हंगामात वाहून जातो; तेवढ्या तुकड्यात फरशी घाला आणि वरच्या बाजूने येणारं पाणी आडव्या मोरीतून काढा. पाण्याजवळ जायला एक-दोनच फाटे, तेही आधीच पक्क्या असलेल्या जागेवर. दिवे खाली तोंड केलेले, पिवळसर, रात्री दहाला बंद.

‘ट्रॅक झाला की तलाव स्वच्छ राहतो’

राहत नाही. जलपर्णी माजते ती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. शेजारून सायकली गेल्याने नाल्याचं तोंड बंद होत नाही. मशीन लावून कितीही उपसा, सांडपाणी येत राहिलं की ती पुन्हा पसरते. त्यामुळे कामाचा क्रमही ठरलेला: नाल्यांचं पाणी अडवून वळवणारी वाहिनी आधी, वाट नंतर. उलटं केलं, तर नवी वाट उकरूनच पाइप टाकावा लागतो. वाहिनी वाटेखालूनच न्यायची असेल तर मॅनहोल कडेला घ्या, म्हणजे सफाईच्या गाडीसाठी दर वेळी वाट बंद ठेवावी लागणार नाही.