शिंद्यांचा कंपू आणि माझी मान

"काही जड उचललं होतं का?" हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. पट्टे रंगवत होतो."

"घराला?"

"शिपायांना."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. मी मोबाईलमधला फोटो दाखवला. बाटलीच्या बुचावर चिकटवलेला, शेंगदाण्याएवढा बंदूकधारी. त्यांनी फोटो मोठा केला, लहान केला, आणि गळपट्टा लिहून दिला.

टेबलावर लढाई मांडायची, इंचटेपने मोजून फौज सरकवायची आणि मेलं कोण ते फाशांवर ठरवायचं, असा हा छंद. आमची लढाई असईची. २३ सप्टेंबर १८०३, आजचा जालना जिल्हा. इकडे शिंदे आणि नागपूरकर भोसले, तिकडे इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. त्याने पुढे नेपोलियनला हरवून वॉटर्लू मारलं, तरी आपली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून असईचंच नाव घेतलं. हे वाचल्यापासून ती लढाई मला त्याच्याकडून काढून घ्यायची आहे.

शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. (आता कंपू म्हटलं की सोसायटीच्या मीटिंगमधला मागचा कोपरा आठवतो.) असईला हे पायदळ होतं साधारण १०,८००. एका बाहुल्यामागे तीस माणसं धरली तरी ३६० बाहुले, आणि प्रत्येकाच्या छातीवर पांढऱ्या पट्ट्यांची फुली. म्हणजे ७२० पट्टे. दोन शून्यवाला ब्रश, चाळिशीचा चष्मा, त्याच्यापुढे भिंग, आणि रेघ ओढेपर्यंत श्वास बंद. कधीकधी श्वास सोडायचाच राहतो. ब्रश जिभेवर फिरवून टोक काढायची माझी जुनी खोड, त्यामुळे ऑफिसात "आज काला खट्टा का?" असं विचारतात. एकदा सुपरग्लूने अंगठा आणि तर्जनी चिकटली आणि दोन तास मी ज्ञानमुद्रेत बसून राहिलो. नेमकी बायकोची मावशी आलेली. तिला वाटलं, जावई सुधारले.

लहानपणी दिवाळीत किल्ला करताना दिवसभर चिखलात उकिडवा बसायचो. अळीव पेरायचं, बुरुजाहून उंच मावळे उभे करायचे, पहाऱ्याला एखादा मशीनगनवाला प्लास्टिकचा सोल्जर. मान, कंबर, गुडघे ही माणसाला असतात हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली या खेळाचे नियम छापले, तेही जमिनीवर रांगत खेळायचे, आणि त्या वेळी त्यांचं वय ४६. माझंही ४६. मी जमिनीवर बसतो ते उठवायला माणूस घरात आहे याची खात्री करून.

म्हणून आम्ही जेवणाच्या टेबलावर खेळतो. "जेवायचं कुठे?" बायकोने विचारलं. "पिंपळगावच्या अंगाला जागा आहे," मी मांडलेलं रणांगण बघत म्हटलं. त्या रात्री केळणा नदीत आमटी सांडली.

मित्र वेलस्ली असतो. इतिहासात इंग्रजांची ७४वी पलटण भरकटून असई गावाच्या तोफांसमोर आली आणि भाजून निघाली. पण मित्रानेही इतिहास वाचलेला. त्याने ती एका टेकडीआड, म्हणजे हिरव्या कापडाखालच्या शब्दकोशाआड लपवली. आता तोफ डागायची तर तोफेला शत्रू दिसला पाहिजे, आणि दिसतो का ते बघायला आपला डोळा तोफेच्या उंचीवर न्यावा लागतो. मी वाकलो. हनुवटी टेबलाच्या काठावर टेकवली. पाठीत कुठेतरी कडी लागल्यासारखा आवाज झाला.

"अरे, ऊठ," मित्र म्हणाला.

"येत नाहीये."

"मग चाल माझी का?"

बायको मलम घेऊन आली. एकही प्रश्न न विचारता तिने शर्ट वर केला आणि चोळायला लागली. मी तसाच, काठावर हनुवटी, शिपायांच्या उंचीवर डोळे. इतक्या निवांतपणे त्या रणांगणाकडे मी कधी बघितलाच नव्हता. आणि बघता बघता शब्दकोशाच्या कडेला, 'क्ष'च्या थोडं पुढे, पांढऱ्या पट्ट्यांची एक फुली दिसली.

"चौऱ्याहत्तरावी दिसतेय," मी म्हटलं.

"असं अडकून बघितलेलं धरत नाहीत!" मित्र ओरडला.

"नियमात कुठे लिहिलंय?"

नियमात नव्हतं. पण माझा एक हात कमरेवर, दुसरा टेबलाखाली. फासे उचलणार कोण? बायकोने उसासा सोडला, उजव्या हाताने चोळणं चालूच ठेवलं आणि मलमाने माखलेल्या डाव्या हाताने चारही फासे टाकले.

सहा, सहा, पाच, सहा.

"झालं?" ती म्हणाली. "आता टेबल रिकामं करा, कुकर लावलाय."

मान वळत नव्हती, नाहीतर मित्राचा चेहरा बघितला असता.