मेमरी चिपचा वाद आणि शिरोलीची भट्टी

कोल्हापूरहून फोन आला की हल्ली दोन विषय ठरलेले असतात. भाच्याला कॉम्प्युटरची रॅम वाढवायची आहे आणि राजारामपुरीतला दुकानदार दर खेपेला आणखी चढा भाव सांगतो. दुसरा विषय मामांचा. त्यांची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे, आणि चिपचा कारखाना गुजरातनं पळवला यावर त्यांचा संताप अजून उतरलेला नाही. मी शिवाजी विद्यापीठात थिन फिल्म, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांचं शास्त्र, शिकले आणि तिथल्या कितीतरी मुलामुलींसारखी दक्षिण कोरियात आले. राहते इचॉनला. सोलच्या आग्नेयेचं हे गाव पूर्वी भातासाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेलं होतं. आता एसके हायनिक्सचं मुख्यालय इथं आहे म्हणून जग त्याला ओळखतं. मी त्या कंपनीत नाही, चिप कारखान्यांना साहित्य पुरवणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये काम करते. इथून पाहताना भाच्याची तक्रार आणि मामांचा संताप यांचं मूळ एकच दिसतं. आपल्याकडचा वाद मात्र त्या मुळापर्यंत पोचतच नाही, याचं वाईट वाटतं.

आधी भावाचं. कॉम्प्युटरची रॅम म्हणजे डीरॅम. जगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त डीरॅम तीन कंपन्या विकतात: कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेची मायक्रॉन. एआयच्या प्रोसेसरशेजारी जी मेमरी बसते तिला एचबीएम म्हणतात. डीरॅमच्या पातळ चिपा एकावर एक रचून, त्यांतून आरपार बारीक भोकं पाडून, त्या भोकांतल्या तांब्यानं सगळे मजले जोडलेले असतात. तेवढीच साठवण देण्यासाठी कॉम्प्युटरच्या साध्या डीडीआर५ रॅमपेक्षा सुमारे तिप्पट वेफर, म्हणजे चिपा जिच्यावर घडवतात ती सिलिकॉनची चकती, एचबीएमला लागतो, हे मायक्रॉननंच सांगितलेलं आहे. नफा तिकडं, वेफर तिकडं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं घरगुती ग्राहकांना माहीत असलेला क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. राजारामपुरीतला दुकानदार लबाड नाही, त्याच्यापर्यंत माल येतोच कमी.

विकणारे इतके थोडे असले की काय होतं याचा अनुभव जगानं घेतला आहे. डीरॅमचे भाव संगनमतानं ठरवल्याबद्दल अमेरिकेत २००५ मध्ये सॅमसंगला ३० कोटी डॉलर आणि हायनिक्सला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला. आजची टंचाई तसल्या कटातून आली असं मी म्हणत नाही. पण मेमरी बाहेरून घेणाऱ्या देशाच्या हातात काही नसतं, ही मामांच्या मनातली भीती खरी आहे.

त्या भीतीतून आपण जो निष्कर्ष काढतो तो मला पटत नाही. कारखाना कुठं उभा राहतो, महाराष्ट्रात तळेगावला की गुजरातेत धोलेऱ्याला, यावरच सगळी शक्ती खर्च होते. मेमरीच्या धंद्याचा इतिहास बघितला तर कंपन्या जगल्या किंवा बुडाल्या त्या जागेमुळं नव्हेत. त्यांनी वेळेवर कोणतं तंत्र निवडलं आणि पडत्या काळात किती दम धरला, यावर ते ठरलं.

१९८३ मध्ये सॅमसंगनं ६४ के डीरॅमनं सुरुवात केली तेव्हा त्या चिपचं डिझाइन मायक्रॉनकडून परवान्यावर घेतलं होतं. जपानी कंपन्या तेव्हा कितीतरी पुढं होत्या. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ४ मेगाबिटची पिढी आली आणि सगळ्यांपुढं एक अवघड प्रश्न उभा राहिला. डीरॅममध्ये माहितीचा एकेक कण ठेवणाऱ्या प्रत्येक घरात एक ट्रान्झिस्टर, म्हणजे स्विच, आणि विद्युतभार साठवणारा एक कपॅसिटर असतो. त्या कपॅसिटरमधला विद्युतभार गळत राहतो म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. घरं लहान होत गेली तसा कपॅसिटर बसवायला जागा उरेना. मग सिलिकॉनमध्ये खाली खोल खड्डा खणून तो आत बसवायचा, की ट्रान्झिस्टरच्या वर मजला चढवून? आयबीएम आणि तोशिबा खड्ड्याकडं गेल्या. सॅमसंगनं मजला निवडला. खड्ड्याच्या तळाशी चूक झाली तर ती दिसत नाही आणि दुरुस्तही होत नाही. वर रचलेलं तपासता येतं. त्या एका निवडीनं पुढच्या कितीतरी पिढ्यांची वाट ठरवली. खड्ड्यावर शेवटपर्यंत राहिलेल्या मोठ्या कंपन्यांपैकी जर्मनीची किमोंडा जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची तांत्रिक कागदपत्रं पुढं चीनच्या सीएक्सएमटीला पाया म्हणून उपयोगी पडली. जपानची एल्पिडा २०१२ मध्ये कोसळली आणि वर्षभरानं मायक्रॉनच्या हाती गेली.

आणि आमच्या गावची हायनिक्स? ती तर मरणाच्या दारात होती. कर्जाखाली दबलेली ही कंपनी मायक्रॉनला विकायचा करार जवळपास झाला होता. एप्रिल २००२ मध्ये तिच्या संचालक मंडळानं तो फेटाळला. त्यानंतर बरीच वर्षं ती धनकोंच्या ताब्यात राहिली, २०१२ मध्ये एसके समूहानं घेतली. २०१३ मध्ये एएमडीबरोबर तिनं पहिली एचबीएम तयार केली तेव्हा गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतंच. दुसऱ्या पिढीत सॅमसंग पुढं गेली. तरीही इथल्या लोकांनी ते काम सोडलं नाही. २०२३ च्या मंदीत कंपनीला कामकाजात ७.७ लाख कोटी वॉनचा तोटा झाला आणि पुढच्याच वर्षी २३ लाख कोटी वॉनहून जास्त नफा. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत डीरॅमच्या विक्रीत तिनं सॅमसंगला मागं टाकलं. तोट्याच्या त्या वर्षात इचॉनच्या बाजारपेठेत फिरताना दुकानदारांचे चेहरे उतरलेले दिसायचे. मेमरीत उतरायचं म्हणजे असली वर्षं सोसायची तयारी ठेवायची. आपलं सरकार, कोणत्याही पक्षाचं असो, अशा तोट्याच्या वर्षी विधानसभेत आणि टीव्हीवर होणारा हल्ला सोसून प्रकल्पामागं उभं राहील का? मला नाही वाटत.

हायनिक्सच्या या विजयात पॅकेजिंगचा, म्हणजे तयार चिपा जोडून बंदिस्त करण्याच्या कामाचा, वाटा फार मोठा आहे, आणि त्याकडं कोल्हापूरनं खास लक्ष द्यायला हवं. इतके मजले रचायचे तर त्यांच्यामधली फट कशी भरायची? सॅमसंग आणि मायक्रॉननं प्रत्येक मजल्यामध्ये एक फिल्म ठेवून, उष्णता आणि दाब देत एकेक थर बसवण्याची रीत धरली. हायनिक्सनं चिपा तात्पुरत्या चिकटवून रचल्या, सगळे सांधे भट्टीत एकदम वितळवून जोडले आणि मग मधल्या फटींमध्ये पातळ इपॉक्सी ओतून भरलं. उष्णता लवकर बाहेर पडते, एकेका थराला दाब द्यावा लागत नाही, कामाचा वेग वाढतो. अडचण एकच: कुठं हवेचा बुडबुडा राहिला की माल रद्द. हे मी मामांना फोनवर समजावून सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हंजे आमच्यासारखंच की गं. मोल्ड भरला का नाही आणि ब्लो होल ऱ्हायला का, एवढंच सगळं गणित." मामांनी आयुष्यभर सिलिकॉन बघितलं ते बिडाच्या रसातलं, पण चिपच्या जगातल्या आजच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचं मर्म त्यांना एका वाक्यात कळलं.

याच धंद्यातली हान्मी सेमीकंडक्टर ही कोरियन कंपनी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. १९८० मध्ये ती सुरू झाली तेव्हा चिपच्या पॅकेजिंगचे साचे बनवायची. आज एचबीएमचे मजले बसवणाऱ्या बाँडर यंत्रांमध्ये तिचं नाव सगळ्यात वरच्यांत आहे. साचेवाल्यांचं हे घर पायरी पायरीनं वर चढलं. जुलै २०१९ मध्ये जपाननं फोटोरेझिस्ट आणि हायड्रोजन फ्लोराइडसारख्या, चिप बनवायला लागणाऱ्या रसायनांची निर्यात अवघड केली तेव्हा कोरियाचे धाबे दणाणले. मोठे कारखाने आपले असून भागत नाही, छोटे पुरवठादारही आपले लागतात, हे तेव्हा इथल्या सरकारला उमगलं आणि पैसा तिकडं वळला.

आता तळेगावचं. वेदांता-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला, याचा राग मलाही आला होता. पण जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि तो कारखाना गुजरातलाही झाला नाही. त्या जोडीकडं स्वतःचं सिद्ध झालेलं चिप तंत्रज्ञानच नव्हतं. धोलेऱ्याला टाटा तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीबरोबर जो कारखाना उभारत आहेत तो मेमरीचा नाही. मेमरीचं जे काही आपल्याकडं आलं ते साणंदला: मायक्रॉनचा प्रकल्प, जून २०२३ मध्ये जाहीर झालेला, एकूण २७५ कोटी डॉलरचा. तिथं वेफर बनत नाही. बाहेरून आलेल्या चिपांची जुळणी आणि चाचणी होते. "नुसतं पॅकिंग" म्हणून आपल्याकडं त्याला हिणवलं जातं. वर सांगितलेलं सगळं वाचल्यावर कुणी तसं म्हणू नये. चुरस आज नेमकी तिथंच आहे.

माझं मत स्पष्ट आहे. भारतानं आज डीरॅमचा वेफर कारखाना काढण्याच्या मागं लागू नये. पॅकेजिंग, त्याची यंत्रं, साचे, साहित्य यांत शिरावं. आणि कोल्हापूरनं "आमच्याकडं फॅब आणा", म्हणजे वेफर कारखाना आणा, ही मागणी करू नये.

हे मत बनण्यामागं इथं पाहिलेलं आणखी काही आहे. योंगिनला हायनिक्सचा नवा प्रचंड प्रकल्प उभा राहतो आहे. त्याला पाणी नामहान नदीतून हवं होतं, आणि २०२२ मध्ये नदीकाठच्या यॉजू शहरानं परवानगी अडवून धरली: पाणी आमचं, कारखाना शेजाऱ्याचा, मग आमच्या वाट्याला काय? काही महिन्यांनी तोडगा निघाला. हे वाचताना मला सुळकूड योजना दिसत होती. इचलकरंजीला दूधगंगेचं पाणी द्यायला कागलच्या बाजूच्या गावांनी केलेला विरोध दिसत होता. त्या गावांना आडमुठं म्हणणाऱ्यांनी यॉजूकडं बघावं. पंचगंगेचं आपण काय केलं ते माहीत असताना, रोज अफाट पाणी आणि घातक रसायनं लागणारा कारखाना मागायला माझं मन धजत नाही. शिवाय इथल्या चिप कारखान्यांत काम करणाऱ्या तरुण मुलींना रक्ताचा कर्करोग झाला, त्यांच्या घरच्यांनी अकरा वर्षांहून जास्त लढा दिला, तेव्हा कुठं २०१८ मध्ये सॅमसंगनं जाहीर माफी मागून भरपाईचा करार केला. कोरियाची भरभराट सांगताना हेही सांगायला हवं.

कोल्हापूरकडं काय आहे? उद्यमनगरपासून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत ओतकाम आणि मशिनिंग जाणणारी पिढ्यान् पिढ्यांची माणसं आहेत. वीजदराला कंटाळून कर्नाटकात जाण्याची भाषा त्यांनी अनेकदा केली, ती उगाच नव्हे. आणि विद्यापीठ आहे. शिवाजी विद्यापीठाच्या नॅनोसायन्स विभागात मेमरिस्टरवर, म्हणजे स्वतःचा विद्युतरोध बदलून तो लक्षात ठेवणाऱ्या घटकावर, बरीच वर्षं काम चालू आहे. पुढच्या मेमरीच्या शर्यतीतली ही एक खरी वाट आहे. पण इंटेल आणि मायक्रॉनसारख्यांनी २०१५ मध्ये थ्रीडी एक्सपॉइंट नावाची वेगळी मेमरी गाजावाजानं आणली, आणि २०२२ मध्ये इंटेलनं ती गुंडाळली. मेमरी चांगली होती. खप वाढला नाही म्हणून किंमत उतरली नाही, आणि किंमत उतरली नाही म्हणून खप वाढला नाही. शोधनिबंध छापून थांबलो तर आपलं त्याहून वेगळं होणार नाही. विद्यापीठ ते शिरोली हे अंतर रिक्षानं जाण्याइतकं आहे, तरी मामा त्या प्रयोगशाळेत कधी गेलेले नाहीत आणि तिथलं कुणी त्यांच्या भट्टीपाशी आलेलं नाही.

मामांचा प्रश्न एकच होता: "ऑर्डर कोण देणार?" योग्य प्रश्न. चिपच्या यंत्राचा साधा भागही कुणी ओळखीवर घेत नाही. नमुने, चाचण्या, ऑडिट यांत वर्षं जातात, आणि तेवढा काळ छोट्या कारखान्याचं कर्ज थांबत नाही. इथंच सरकारला पकडायला हवं. साणंदच्या २७५ कोटी डॉलरपैकी मायक्रॉनचे साडेब्याऐंशी कोटी. प्रकल्पखर्चाचा ५० टक्के वाटा केंद्राचा आणि २० टक्के गुजरातचा. केंद्राच्या त्या वाट्यात शिरोलीचाही कर आहे. तो पैसा देताना देशातल्या छोट्या पुरवठादारांचे नमुने तपासायचे, नापास झाले तर का झाले ते लेखी कळवायचं आणि दुसरी संधी द्यायची, एवढी अट प्रत्येक नव्या मंजुरीत असली पाहिजे. स्मॅक, गोशिमा या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या उद्योजकांच्या संघटनांनी आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशननं आपल्या खासदारांकडं मागायचं असेल तर हे मागावं, आणि मागायला जाताना विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांना बरोबर घेऊन जावं.