काचेच्या झाकणाखालचा सिगार

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सीएचा निकाल लागला आणि नेरूळच्या आमच्या मित्राची लेक पास झाली. त्याचं सिडकोचं रो-हाऊस, पुढे चार पावलांचं अंगण, वर पत्रा, पत्र्यावर पावसाचा ताशा. पन्नाशी ओलांडलेले आम्ही सहा जण खुर्च्या ओढून बसलो आणि मित्राने मोठ्या ऐटीत पेटी बाहेर काढली. लाकडी पेटी, वर काचेचं झाकण, आत पिवळ्या-काळ्या पट्टीचे जाडजूड सिगार. मेहुण्याने दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावर घेतलेले. ‘क्यूबन आहेत, शंभर टक्के.’ तेव्हापासून पेटी फ्रीजमध्ये होती.

पहिला झुरका घेतला आणि तोंडात सोड्यांचा वास. त्याच खणात वहिनींनी अलिबागहून आणलेले सोडे ठेवले होते. पाच मिनिटांत वरचं पान भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं सुटायला लागलं. सिगार एकाच बाजूने जळत गेला, दुसरी बाजू तशीच हिरमुसून उभी. अर्ध्या तासात सहाही सिगार कुंडीच्या मातीत. वहिनी म्हणाल्या, “यापेक्षा कासवछाप लावली असती तर निदान डास तरी गेले असते.”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर एकाने ‘सेलिब्रेशनचा सिगार फसू नये म्हणून’ नावाचा मेसेज टाकला. संध्याकाळपर्यंत तोच मला आणखी तीन ग्रुपवर आला. मुद्दे थोडक्यात असे: सिगार क्यूबाचाच घ्या, बाकी सगळा कचरा. जितका काळा तितका कडक, जितका जाड तितका भारी. कानाशी धरून फिरवा, कुरकुरला तर सुकलेला. फ्रीजमध्ये वर्षानुवर्षं ताजा राहतो, सुकलाच तर ब्रँडीत बुडवा. राख पांढरी तर माल अस्सल. आणि धूर छातीत घ्यायचा नसतो, त्यामुळे अपाय नाही.

मी काही सिगारचा पंडित नाही. अठ्ठावीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये काढली, त्यात कॅरिबियन बंदरांवर थोडंफार पाहिलं, विचारलं. वर्षाकाठी एखादा ओढतो. पण या मेसेजमध्ये एकही गोष्ट धड नाही. आमच्या मित्राने यातल्या निम्म्या गोष्टी मेसेज यायच्या आधीच करून ठेवल्या होत्या, आणि फळ आम्ही चाखलं.

क्यूबापासूनच सुरू करू. हे मत साठ वर्षं शिळं आहे. १९६० मध्ये क्यूबाच्या क्रांतिसरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या मालावर बंदी घातली. कितीतरी कारखानदार आणि कारागीर बियाणं आणि हातातली कला घेऊन देशाबाहेर पडले. डॉमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास, निकाराग्वा इथे त्यांनी नव्याने बस्तान बसवलं. आज निकाराग्वाच्या एस्तेली गावचा सिगार कुणी कचरा म्हणत असेल तर त्याने तो ओढलेला नाही एवढंच समजायचं. अमेरिकेत जी वस्तू मिळेना तिचा गवगवा झाला. आपल्याकडे तशी बंदी कधी नव्हतीच, गवगवा मात्र आपण उसना आणला.

आणि त्या गवगव्यावरच नकली मालाचा धंदा चालतो. कोहिबाचंच घ्या, आमच्या सिगारवरची पिवळी-काळी पट्टी याच नावाची. १९६६ चा हा ब्रँड आधी कॅस्ट्रो आणि सरकारी पाहुण्यांपुरता होता, १९८२ पासून तो बाजारात आला. काचेच्या झाकणाच्या पेटीत तो येतच नाही. काच दिसली की विषय संपला, पुढे काही तपासायची गरज नाही. अस्सल क्यूबन पेटीवर सरकारी हिरवी हमीपट्टी असते. पेटी उलटी केली की तळाला लाकडात भाजून उठवलेली अक्षरं दिसतात, त्यात ‘तोतालमेंते आ मानो’, म्हणजे पूर्णपणे हाताने, हे शब्द असतात. शिवाय कारखान्याची खूण आणि पेटी भरल्याचा महिना-वर्ष. मी त्या रात्री आमची पेटी उलटी केली. तळाला कागदी स्टिकर, तोही एका कोपऱ्यातून उचकटलेला.

मग राहवेना. एक उरलेला सिगार पेपरवर ठेवला आणि ब्लेडने उभा चिरला. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारला तीन थर असतात: आत लांबच्या लांब पानांच्या घड्या, त्यांना बांधून धरणारं एक पान, आणि वरून दिसायला देखणं, तलम आवरण. मी एका बंदरातल्या दुकानात म्हाताऱ्या कारागिराला वळताना पाहिलं होतं. तो आतली पानं पंख्यासारखी चुणत होता, एकेका चुणीतून हवा जायला वाट राहावी म्हणून. आमच्या सिगारच्या पोटात काय निघालं? चुरा, देठाचे तुकडे, आणि एक जागा अशी की तिथे काहीच नव्हतं, नुसती पोकळी. सिन्नरच्या विडीवालीने असली विडी वळली असती तर ती छाटणीत बाद झाली असती. सिगार एका बाजूने का जळला, हे मला त्या पेपरवर कळलं.

काळा म्हणजे कडक, हेही खोटं. वरच्या पानाचा काळेपणा बराचसा ते किती काळ आणि किती उष्णतेत आंबवलं त्यावर असतो. अशा गडद पानाला ‘मादुरो’ म्हणतात आणि त्याची चव बहुतेक वेळा गोडसर, काकवीकडे झुकणारी असते. कडकपणा ठरतो पोटातल्या पानांवरून, आणि ती पानं झाडाच्या कुठल्या भागातली आहेत त्यावरून. उसाच्या अगदी उलट: ऊस बुडख्याला गोड आणि शेंड्याला पाणचट, तंबाखूचा जोर मात्र शेंड्याला. शेंड्याकडच्या, उन्हात तापलेल्या जाड पानाला ‘लिगेरो’ म्हणतात. ते जास्त भरलं असेल तर गव्हाळ रंगाचा सिगारही नवख्याला घाम फोडतो. म्हणून दुकानात रंग बघू नका, ‘सौम्य द्या’ असं तोंडाने सांगा.

जाडीचं गणित तर समारंभात हमखास नडतं. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ५० नंबर म्हणजे साधारण २० मिलिमीटर, ६० नंबर म्हणजे जवळजवळ २४. सहा इंची ६० नंबरचा सिगार नीट ओढायचा तर दीड तास हवा. कुठल्या घरगुती समारंभात माणसाला दीड तास सलग बसू देतात? जेवणं वाढायची असतात, कुणाच्या तरी सासऱ्यांना सीवूड्स स्टेशनला सोडायचं असतं. मग घाईघाईने झुरके मारले जातात, सिगार तापतो आणि जीभ कडवट होते. मिनिटाला एक झुरका, फार तर दोन, त्यापेक्षा जास्त नाही. पेटवणारे आम्ही पाचही जण पहिल्या दहा मिनिटांत विडीच्या तालावर ओढत होतो, मीसुद्धा. नकली मालाला शिव्या घालताना हेही कबूल करायला हवं.

क्यूबावरच्या त्या बंदीच्या आदेशावर सही करण्याआधी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी आपले प्रेस सेक्रेटरी पिएर सॅलिंजर यांना हजारभर सिगार जमवायला सांगितलं होतं. सॅलिंजर यांनी १२०० आणले, आणि मग सही झाली, असं त्यांनीच नंतर सांगितलं. ते सिगार होते पेटिट अपमन. पेटिट म्हणजे लहान. हवा तो सिगार मागवू शकणारा माणूस लहानच ओढत होता.

कानाशी धरून फिरवण्याचं एका वाक्यात: कुरकुर ऐकू येवो न येवो, वरचं पान मात्र त्या खेळात फाटतं.

फ्रीज. हा मुद्दा नवी मुंबईकरांनी जरा नीट ऐकावा, कारण आपली हवाच विचित्र आहे. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान मानवतं. खाडीकाठी जुलैत बाहेरची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, पापड नरम पडतात. त्या हवेत सिगार फुगतो, धड पेटत नाही, झुरका ओढताना गाल आत जातात. हे टाळायला लोक फ्रीजकडे वळतात. पण आजचे बर्फ न साठवणारे फ्रीज हवेतलं पाणी शोषून काढतात. त्यात सिगार पापडासारखा कडकडीत होतो आणि शेजारच्या डब्यांचा वास पितो. मग तो एकदम पावसाळी अंगणात आणला की आतली पानं ओल धरून फुगतात, सुकलेलं आवरण ताणलं जातं आणि तडकतं. आमच्या वांग्याच्या सालीचं कारण हेच.

उपाय अगदी घरगुती आहे. घट्ट झाकणाचा, वास नसलेला डबा, आणि त्यात आर्द्रता राखणारी पुडी. ६५ किंवा ६९ टक्के असं तिच्यावर छापलेलं असतं, ती ओल सोडतेही आणि शोषतेही. डबा घरातल्या सगळ्यात थंड कपाटात ठेवायचा. पारा २४-२५ च्या वर राहिला की तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी फुटण्याची भीती असते, म्हणून आपल्याकडे वर्षभराचा साठा करूच नये. सिगारच्या पेट्यांसाठी जे ‘स्पॅनिश सिडर’ लाकूड नावाजलं जातं ते ना स्पॅनिश, ना सिडर. झाड अमेरिका खंडातलं, आणि कूळ आपल्या कडुनिंबाचं. हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं होतं.

ब्रँडीत बुडवलेल्या सिगारची चव ब्रँडीत बुडवलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते. राखेचा रंग मातीतल्या मॅग्नेशियमसारख्या खनिजांवर जातो, अस्सलपणावर नाही. राख लांब टिकली तर आत लांब पानं आहेत, इतपत अंदाज बांधता येतो.

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त फॉरवर्ड होतो आणि तोच सगळ्यात खोटा आहे. सिगारेटच्या तुलनेत सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, म्हणून त्यातलं निकोटीन छातीत न जाताही तोंडाच्या अस्तरातून रक्तात उतरतं. रिकाम्या पोटी ओढणाऱ्याला गरगरतं ते याच कारणाने. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस, सगळीकडे कर्करोगाचा धोका वाढतो. त्या रात्री सहावा सिगार हातात धरून न पेटवताच कुंडीत खोचणारा आमचा एक मित्र आहे. भावाला घेऊन त्याने खारघरच्या टाटाच्या कर्करोग केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये वर्षभर फेऱ्या मारल्यात. त्याच्यापुढे ‘आत घेत नाही रे’ म्हणायची माझी छाती नाही. मी ओढतो तो अपाय माहीत असून ओढतो. कुणी कधीच ओढला नसेल तर आनंद साजरा करायला पेढे आहेत.

तरीही घ्यायचाच असेल तर आदल्याच आठवड्यात घ्या, आणि जिथे सिगार आर्द्रतामापक लावलेल्या पेटीत ठेवतात अशाच दुकानातून. पाकिटावर ते भयंकर चित्र आहे का बघा. २०१६ पासून आपल्याकडे ८५ टक्के जागा व्यापणारी सचित्र सूचना सक्तीची आहे, चित्र नसलेला माल चोरवाटेने आलेला. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबून पाहा. कुठे खडा लागला तर धूर अडणार, कुठे बोट आत गेलं तर आग भडकणार. तोंडात धरायच्या टोकाला पानाची टोपी चिकटवलेली असते, तिची रेघ दिसते तिच्या वरच कापा. गॅसच्या लायटरने किंवा गंधक जळून गेलेल्या काडीने दुसरं टोक आधी चहूबाजूंनी शेका, मग पेटवा.

डिसेंबरमध्ये त्याच मित्राच्या नव्या गाडीचं निमित्त झालं. या वेळी खरेदी माझ्याकडे होती. निकाराग्वाचे चार पेटिट कोरोना (हा सिगारचा एक लहान आकार) घेतले, बोटभर लांब, ४२ नंबरचे, आणि चार दिवस पुडीसकट डब्यात ठेवले. अंगणात थंडी होती. तिघांनीच पेटवले, चौथा अजून माझ्या डब्यात आहे. पाऊण तास कुणी फारसं बोललं नाही. वहिनी मध्येच डोकावून गेल्या आणि नाकाला पदर न लावता परत फिरल्या. काचेच्या झाकणाची ती पेटी आता त्यांच्या शिलाई मशीनवर असते. आतले रिळांचे रंग वरून छान दिसतात.