डीएनबी डॉक्टर आणि मावशीचं पित्ताशय

मावशीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन मंगळवारी होतं. रविवारी रात्री तिने ते रद्द केलं. का, तर सर्जनच्या पाटीवर ‘डीएनबी’ (डिप्लोमेट ऑफ नॅशनल बोर्ड, एमबीबीएसनंतरची तज्ज्ञाची पदवी) आहे आणि ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘डीएनबी म्हणजे एमडी न मिळालेल्यांचा पैसे भरून केलेला खासगी कोर्स. म्हणूनच सरकार त्यांना एक वर्ष जास्त राबवतं. पाटीवर एमडी असेल तरच ऑपरेशन करा. जनहितार्थ.’

धन्य ते जनहित! अहो, पित्ताशयाची ऑपरेशनं करणारे सर्जन एमडी नसतातच, एमएस (मास्टर ऑफ सर्जरी) किंवा डीएनबी असतात. एमडी मेडिसिनचे, बालरोगाचे, भुलीचे. मेसेज पाळायचा तर मावशीच्या पोटावर सुरी भूलतज्ज्ञानेच चालवायची! रशियातून आणलेली ‘एमडी’ तर इथल्या एमबीबीएसच्या तोडीची. ३०० पैकी १५० गुण मिळवून एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकून आलेल्यांची परीक्षा, पास झाल्याशिवाय तिच्यावर इथे प्रॅक्टिस करता येत नाही. एमडी आयुर्वेदात आहे, होमिओपॅथीतही आहे. नुसती दोन अक्षरं वाचून कुठे जाल?

‘खासगी कोर्स’? डीएनबी देतं राष्ट्रीय परीक्षा मंडळ, १९७५ साली सुरू झालेलं, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतलं. एमडी-एमएसच्या प्रवेशाची नीट-पीजी हेच मंडळ घेतं, आणि डीएनबीची जागाही त्याच परीक्षेतून मिळते. एमबीबीएसनंतर तीन वर्षं रेसिडेन्सी (रुग्णालयात काम करत शिकणं), प्रबंध, मग लेखी आणि प्रात्यक्षिक. पैशांचं म्हणाल, तर खासगी मेडिकल कॉलेजातल्या मॅनेजमेंट कोट्याची फी आधी विचारून या.

त्या जास्तीच्या वर्षात मात्र अर्धं सत्य आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९, कलम ३७ वाचा. मेडिकल कॉलेजच्या किंवा ५०० वा त्याहून जास्त खाटांच्या रुग्णालयात केलेली डीएनबी सर्व बाबतींत एमडी-एमएसच्या समकक्ष. इतर ठिकाणी केली असेल, तर मेडिकल कॉलेजात एक वर्ष सीनियर रेसिडेन्सी करावी लागते, आणि तीही शिकवण्यासाठी. पेशंट तपासायला किंवा ऑपरेशन करायला नाही. मेसेजवाल्याने ‘शिकवण्यासाठी’ एवढाच शब्द गाळला.

बरं, डीएनबी खासगी रुग्णालयांतही होते, आणि तिथे पेशंट मोठ्या डॉक्टरांचे असतात, त्यामुळे काही ठिकाणी रेसिडेंटच्या हातात सुरी कमी आणि फायली जास्त येतात, हे मान्य. पण कच्चे हात मेडिकल कॉलेजांतूनही निघतात. ते पाटीवर कळत नाही. किती ऑपरेशनं केलीत, हे सर्जनलाच विचारावं लागतं.

मावशीला डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन शोधून काढायला लावलं. डॉक्टरांच्या नावाखालचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकला. नाव निघालं, डीएनबीची नोंदही निघाली. आता पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली आहे. तोवर तळलेलं बंद, आणि त्याचाही राग माझ्यावरच.